प्रॉग्नोसिस पुअर : सही करण्याआधी या शब्दाचा अर्थ विचारा

गेल्या उन्हाळ्यात अकोट तालुक्यातले एक कास्तकार माझ्या जठारपेठेतल्या दवाखान्यात आले. त्यांना स्वतःला काही होत नव्हतं. वडील महिनाभरापूर्वी गेले होते आणि त्यांची जाडजूड फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी सोबत आणली होती. त्यातला एक कागद त्यांनी काढला आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवला. खाली त्यांची सही होती, वर इंग्रजीत एक ओळ.

"डॉक्टरसाहेब, एवढं काय लिहेल हाय ते सांगून द्या. सही माहीच हाय, पन मले इंग्रजी येत नाही."

ओळ अशी होती : 'प्रॉग्नोसिस पुअर. एक्सप्लेन्ड टू रिलेटिव्हज.' मी अर्थ सांगितला. रुग्ण बरा होण्याची शक्यता फार कमी आहे आणि हे नातेवाइकांना समजावून सांगितलं आहे.

त्यांनी कागद परत हातात घेतला आणि तारीख पाहिली. दाखल केल्याचा तिसरा दिवस होता. वडील अतिदक्षता विभागात त्यानंतर सोळा दिवस होते. त्या सोळा दिवसांत दोन एकर वावराचा सौदा झाला होता.

"म्हंजे त्यायले तिसऱ्याच दिवशी मालूम होतं? मंग आमाले काहून नाही सांगतलं?"

फाईल मी पूर्ण वाचली. उपचारात मला चूक दिसली नाही. समोरच्या डॉक्टरांनी दोन मिनिटं काहीतरी सांगितलंही असेल. "कंडिशन सिरीयस आहे, आम्ही प्रयत्न करतोय," असं काहीतरी. यांना ऐकू आलं ते 'प्रयत्न करतोय'. कागदावर उतरलं ते 'एक्सप्लेन्ड'. या दोन शब्दांच्या मधल्या खड्ड्यात त्या कुटुंबाचं वावर गेलं.

आजचा लेख त्या एका इंग्रजी शब्दावर आहे. आपल्या अकोला-अमरावतीकडे ज्याच्या घरातलं माणूस एकदा तरी आयसीयूत राहिलं आहे, त्याने बहुधा या शब्दाखाली सही केलेली आहे. अर्थ मात्र फार थोड्यांना माहीत असतो. ही परिस्थिती मला मान्य नाही आणि तिचा दोष मी आधी माझ्या व्यवसायाला देतो.

आधी शब्द समजून घेऊ

डायग्नोसिस म्हणजे निदान, अर्थात आजार कोणता आहे याचं उत्तर. प्रॉग्नोसिस म्हणजे तो आजार पुढे कोणत्या वळणाने जाईल, बरा होईल का, किती होईल, किती काळात होईल, काय मागे राहील, याचा अंदाज. शब्द ग्रीक आहे. 'प्रो' म्हणजे आधी, 'ग्नोसिस' म्हणजे जाणणं.

लोक या दोन शब्दांची नेहमी अदलाबदल करतात. "डॉक्टर म्हणाले, डायग्नोसिस चांगलं नाही." डायग्नोसिस चूक किंवा बरोबर असतं. चांगलं किंवा वाईट असतं ते प्रॉग्नोसिस.

केसपेपरवर या शब्दासोबत पाच विशेषणं येतात. 'गुड' म्हणजे बरे होण्याची दाट शक्यता. 'फेअर' म्हणजे बऱ्यापैकी शक्यता. 'पुअर' म्हणजे शक्यता कमी. 'ग्रेव्ह' म्हणजे मृत्यूची शक्यता मोठी आणि बहुधा जवळची. राहिलं 'गार्डेड'. याचा सर्वांत जास्त गोंधळ होतो. एका मुलाने मला सांगितलं होतं, "सर, आईला गार्डेड ठेवलंय, म्हणजे चोवीस तास लक्ष आहे." त्याला धीर आला होता. प्रत्यक्षात 'गार्डेड' म्हणजे डॉक्टर सावधपणे बोलत आहेत, परिस्थिती कुठल्याही बाजूला जाऊ शकते आणि आज ठाम सांगता येत नाही.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या दहाव्या अध्यायात आजारांची साध्यासाध्यता सांगितली आहे. सहज बरा होणारा तो सुखसाध्य, कष्टाने बरा होणारा तो कृच्छ्रसाध्य, मुळातून जाणार नाही पण उपचाराने ताब्यात राहील तो याप्य, आणि ज्यावर इलाज चालणार नाही तो प्रत्याख्येय. मधुमेहाच्या बहुतेक रुग्णांना मी 'याप्य' हाच शब्द समजावून सांगतो. गोळी बंद केली की साखर वर जाते, याचा अर्थ औषध कुचकामी असा नाही. आजारच त्या जातीचा आहे. एवढं कळलं की माणूस दर महिन्याला नवा डॉक्टर शोधत फिरत नाही.

भाकीत वेगळं, अंदाज वेगळा

इंग्रजीत पुढचं सांगण्यासाठी अनेक शब्द आहेत. 'प्रॉफेसी' म्हणजे भविष्यवाणी. 'प्रेडिक्शन' म्हणजे कोणतंही भाकीत. 'फोरकास्ट' म्हणजे आकडेवारीवरून बांधलेला अंदाज, जसा हवामानाचा. 'प्रॉग्नोसिस' हा फोरकास्टचा भाऊ आहे, प्रॉफेसीचा नव्हे.

वऱ्हाडातल्या माणसाला हा फरक समजावणं सोपं आहे. बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला दर अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात घट मांडतात, भोवती धान्यं ठेवतात, मध्ये चार महिन्यांची चार ढेकळं आणि वर पाण्याची घागर. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यात काय बदल झाला ते पाहून पाऊस, पीक आणि राजाचं भवितव्य सांगतात. ऐकायला लांबून शेतकरी येतात. ही परंपरा आहे, तिला शास्त्रीय आधार नाही. पण मला इथे तिचं एक लक्षण दाखवायचं आहे. भाकितात तुमच्या हाती काहीच नसतं. सांगितलं ते घडायची वाट पाहायची.

आता दुसरी गोष्ट पाहा. हवामान खातं सांगतं की यंदा पाऊस सरासरीच्या ९६ ते १०४ टक्क्यांत राहिला तर त्याला सामान्य म्हणू, आणि ती सरासरी १९७१ ते २०२० या ५० वर्षांच्या नोंदींवरून देशासाठी ८७ सेंटिमीटर धरली आहे. कृषी विभाग आणि कृषी विद्यापीठं दर जूनमध्ये सांगतात की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरणी करू नका. या सांगण्यात एक 'जर' आहे. पुरेशी ओल झाली तर पेरा, नाही झाली तर थांबा. निर्णय तुमचा आहे आणि तो घेण्यासाठीच तो आकडा तुमच्या हातात दिला आहे. ज्याला तो कळला नाही, त्याच्यावर दुबार पेरणीची वेळ येते.

प्रॉग्नोसिस असंच 'जर-तर'चं वाक्य असतं. सर्वांत ठळक उदाहरण रेबीजचं. पिसाळलेला कुत्रा चावला, जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुतली, लस वेळेवर आणि पूर्ण घेतली, गरज असेल तिथे जखमेत सीरम दिलं, तर आजार जवळजवळ नक्की टळतो. हेच केलं नाही आणि पाण्याची भीती वाटण्यासारखी लक्षणं सुरू झाली, तर जवळजवळ प्रत्येक रुग्ण दगावतो. विषाणू तोच, माणूस तोच. मधल्या काही दिवसांत काय केलं त्यावर प्रॉग्नोसिस एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेलं. पक्षाघाताचंही असंच आहे. रक्ताची गाठ अडकून झालेल्या झटक्यात गाठ विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. खर्रा-तंबाखूने होणारा तोंडाचा कर्करोग छोट्या न भरणाऱ्या जखमेच्या टप्प्यावर सापडला तर बरा होण्याची शक्यता चांगली असते, मानेत गाठी आल्यावर ती बरीच घसरते.

म्हणून प्रॉग्नोसिस लपवणं म्हणजे नुसती वाईट बातमी लपवणं होत नाही. त्यातला 'जर' लपतो आणि रुग्णाच्या हातातला निर्णय काढून घेतला जातो. माझा मुख्य आक्षेप हा आहे.

"किती दिवस, तेवढं सांगा"

दुसऱ्या बाजूची चूकही सांगतो. नातेवाईक मला खोलीच्या बाहेर गाठून विचारतात, "साहेब, किती दिस हायेत, बोलून टाका." त्यांना एक आकडा हवा असतो. तो कुणी डॉक्टर छातीठोकपणे देत असेल तर सावध राहा.

सन २००० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये शिकागोतला एक अभ्यास छापून आला. शेवटच्या टप्प्यातले ४६८ रुग्ण आणि त्यांचे ३४३ डॉक्टर. डॉक्टरांना विचारलं की तुमचा रुग्ण किती जगेल. अंदाज बरोबर निघाले फक्त २० टक्के. ६३ टक्के अंदाज जास्त आशावादी होते आणि १७ टक्के जास्त निराश. आणखी एक गोष्ट दिसली. डॉक्टर रुग्णाला जितका जास्त काळ ओळखत होता, तितका त्याचा अंदाज जास्त चुकत होता. जीव लावला की नजर चुकते, हे आम्हालाही लागू आहे.

आकडा सांगितला तरी तो नीट समजला पाहिजे. "या आजारात मध्यक आयुष्य आठ महिने" याचा अर्थ तुमच्याकडे आठ महिने आहेत असा होत नाही. अकरा रुग्ण जगलेल्या काळाप्रमाणे ओळीत उभे करा. मधल्या, म्हणजे सहाव्या रुग्णाचा काळ हा मध्यक. पाच जण त्याच्या आधी गेले आणि पाच जण त्यापेक्षा जास्त जगले. त्या पाचांतला शेवटचा किती पुढे जाईल हे मध्यक सांगत नाही. अमेरिकेतले जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गुल्ड यांना १९८२ मध्ये पोटातला मेसोथेलिओमा हा दुर्मिळ कर्करोग निघाला. पुस्तकात मध्यक आठ महिने होता. त्यांनी याच गैरसमजावर १९८५ मध्ये लेख लिहिला आणि ते त्यानंतरही जगत राहिले. २००२ मध्ये ते गेले, तेही वेगळ्या कर्करोगाने. प्रत्येकाचं असं होईल असा याचा अर्थ नाही. मध्यकाच्या पुढेही माणसं असतात, एवढाच आहे.

तेव्हा प्रामाणिक उत्तर टप्प्यात असतं. "तासांत, दिवसांत, आठवड्यांत, महिन्यांत की वर्षांत?" असं विचारा. बहुतेक वेळा आम्ही एवढं सांगू शकतो. आणि एवढं कळलं की सौदा करायचा की नाही, पोराला पुण्याहून आज बोलवायचं की रविवारी, हे तुम्ही ठरवू शकता.

सांगायचं कोणाला?

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत एका कलमाचं नावच 'प्रॉग्नोसिस' आहे. त्याचा आशय असा : डॉक्टरने रुग्णाच्या स्थितीचं गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, आणि रुग्ण, त्याचे नातेवाईक किंवा जबाबदार मित्र यांना रुग्णाच्या आणि कुटुंबाच्या हिताची ठरेल इतकी माहिती आहे याची खात्री करावी.

पहिला अर्धा भाग उत्तम आहे. दुसऱ्यातल्या 'किंवा'ने मात्र घोटाळा केला आहे. आम्ही नातेवाइकांना सांगतो आणि सुटतो. रुग्ण, ज्याचा जीव आहे, तो यादीत पहिला असूनही सर्वांत शेवटी कळणारा ठरतो. "बाबाले सांगू नका बरं, हाय खातीन ते," असं मुलगा दारातच सांगतो आणि आम्ही मान डोलावतो.

हा विचार जुना आहे हे मी मान्य करतो. चरकानेही इंद्रियस्थानात वैद्याला बजावलं आहे की न विचारता मृत्यूची चिन्हं बोलू नयेत, आणि विचारलं तरी कुणाला आघात होणार असेल तर बोलू नये. त्यामागची करुणा मला कळते. पण त्या काळी वैद्यापाशी पुढे करण्यासारखं फारसं नसायचं. आज प्रत्येक दिवसामागे व्हेंटिलेटर, डायलिसिस, केमोथेरपी असे निर्णय असतात आणि ते रुग्णाच्या अंगावर होतात. ज्याच्या अंगावर होतात त्याला न विचारता ते कसे करायचे?

आणि रुग्णाला कळत नाही असं खरंच वाटतं का? घरातले कुजबुजतात, सून डोळे पुसत बाहेर जाते, कधी न येणारा भाऊ अचानक अमरावतीहून येतो. माणूस सगळं ओळखतो आणि मग तोही तुमच्यासाठी नाटक करतो. दोन्ही बाजू एकमेकांना सांभाळत एकट्या पडतात. सातबाऱ्यावर नाव चढवायचं राहतं, धाकट्याशी बोलायचं राहतं, शेगावला एकदा जायचं राहतं.

माझा स्वतःचा अपराधही इथे लिहितो. काही वर्षांपूर्वी एका बाईंनी मला सरळ विचारलं होतं, "मी यातून उठीन का?" खोलीत मुलगा उभा होता. त्याच्या तोंडाकडे पाहून मी म्हणालो, "उठाल की." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नंतर कधी काही विचारलं नाही. माझं खोटं त्यांना कळलं होतं. त्या दिवसानंतर त्यांना खरं विचारायला कुणीच उरलं नाही.

आधी रुग्णाला विचारावं, "तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायला आवडेल? की हे सगळं मुलाशी बोलू?" काहीजण म्हणतात, मुलाशीच बोला. तो त्यांचा हक्क आहे. पण ते त्यांनी ठरवावं, मुलाने दारात उभं राहून नव्हे.

माझ्या व्यवसायबंधूंना

तुम्ही म्हणाल, वेळ नाही. तुम्ही म्हणाल, वाईट सांगितलं की दुसऱ्या दवाखान्यात हलवतात, आणि सांगितलं नाही की तोडफोड करतात. दोन्ही खरं आहे. हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१० मध्ये कायदा केला, तरी भीती गेलेली नाही. पण मृत्यू अचानक आदळल्यासारखा वाटला की राग जास्त भडकतो, हेही आपण पाहतो. हिपोक्रॅटिसच्या नावावरच्या 'प्रॉग्नॉस्टिकॉन' या ग्रंथाची सुरुवातच अशी आहे की जो वैद्य पुढचं आधी सांगतो, त्याच्यावर लोक विश्वास ठेवतात आणि रुग्ण गेला तरी त्याला दोष देत नाहीत. आपण त्यातला दोष टाळण्याचा भाग तेवढा उचलला आणि सही घेतली. विश्वास मिळतो तो सांगण्याने. जी सही करणाऱ्याला वाचता येत नाही, ती सही कोणाचं रक्षण करते?

माझी मागणी साधी आहे. ती ओळ मराठीत लिहा. हिंदी किंवा उर्दू वाचणाऱ्याला त्याच्या भाषेत लिहा. सही घेण्याआधी ती मोठ्याने वाचून दाखवा. मग विचारा, "तुम्हाला काय समजलं, ते मला सांगा." यात पाच मिनिटं जातात.

आणि वाचकहो, 'हमखास', 'गॅरंटी', 'मुळापासून' असं म्हणणाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारा. कर्करोग, मधुमेह, पक्षाघात यांसारख्या आजारांवर इलाजाच्या जाहिराती करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. ज्याच्याकडे 'जर' नाही, त्याच्याकडे प्रॉग्नोसिस नाही. तिथे भेंडवळचा घट बरा, तो निदान पैसे मागत नाही.

सही करण्याआधी हे विचारा

१. या कागदावर काय लिहिलं आहे, ते मराठीत वाचून दाखवा.
२. आजाराचं नाव काय, आणि तो बरा होणारा आहे, ताब्यात राहणारा आहे, की वाढत जाणारा?
३. हा उपचार केला तर काय होईल, नाही केला तर काय होईल?
४. बरे झाले तर कसे होतील? चालतील, बोलतील, जेवतील, की अंथरुणावरच राहतील?
५. आपण तासांबद्दल बोलतोय, दिवसांबद्दल, महिन्यांबद्दल की वर्षांबद्दल?
६. तुमचा अंदाज चुकतोय हे कोणत्या चिन्हांवरून कळेल, आणि आपण पुन्हा कधी बोलायचं?
७. रुग्णाला हे कोण आणि कसं सांगणार?

सहावा प्रश्न विसरू नका. प्रॉग्नोसिस एकदा लिहिलं की संपलं असं नसतं. रुग्ण बदलतो तसं तेही बदलतं. तिसऱ्या दिवशीचा 'पुअर' सातव्या दिवशी 'फेअर' होऊ शकतो आणि उलटही. दर दोन दिवसांनी विचारत राहा. विचारणाऱ्या नातेवाइकाचा चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

ते अकोटचे गृहस्थ जाताना म्हणाले, "मालूम असतं तरी म्या बाबासाठी पैसा लावलाच असता, साहेब." मी म्हणालो, लावला असता, कदाचित. ते दाराशी थांबले. "पन मंग त्याइले घरी नेलं असतं दोन दिस. घरी चाला, घरी चाला म्हनत होते."